संगणकावरील खोटी दवंडी : तिचें निदान व निवारण

संगणक हें यंत्र आज शाळेंत, कचेरींत, दुकानांत व पुष्कळांच्या घरीं येऊन पोहोंचलें आहे. अभ्यासाचीं टिपणें, परीक्षांचे निकाल, बँकेचे व्यवहार, दूरदेशीं असलेल्या आप्तांचीं पत्रें, हें सर्व त्याच्याच द्वारें येतें-जातें. ज्या यंत्रावर मनुष्याचा एवढा भरंवसा बसला, त्याच्याच तोंडून खोटें वदवून आपला लाभ साधावा, अशी युक्ति कोणास तरी सुचावी हें मनुष्यस्वभावास धरूनच आहे. "आपल्या संगणकांत पांच विषाणू सांपडले आहेत", "संगणक बंद करूं नका, ताबडतोब पुढील क्रमांकावर दूरध्वनि करा", अशा तांबड्या अक्षरांतील सूचना पडद्यावर अवचित झळकतात, भोंगा वाजूं लागतो, आणि घरांतील वडील माणसें घाबरीं होतात. दुसऱ्या प्रकारांत कोणी भीति दाखवीत नाहीं. परंतु कोणतेंहि पान उघडलें कीं त्यावर जाहिरातींची झुंबड उडते, शोधावें एक तर निघतें भलतेंच, आणि यंत्र मंदावतें. या दोन्ही उपद्रवांचें खरें स्वरूप काय, ते कोठून येतात, आणि घरच्या घरीं, एकहि पैसा न खर्चितां, ते कसे घालवावे, याचा क्रमवार विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जाहिरातीच्या खिडकीचा जन्म

आपण वाचीत असलेल्या पानापुढें आपोआप उघडणारी जाहिरातीची खिडकी, जिला पॉप-अप म्हणतात, ती चांगल्या हेतूंतून जन्मास आली, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. इ. स. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत ट्रायपॉड नांवाचें एक संकेतस्थळ लोकांस आपापलीं पानें प्रसिद्ध करूं देत असे व जाहिरातींवर आपला खर्च चालवूं पाहत असे. एका मोटारकंपनीची जाहिरात अश्लील मजकुराच्या पानावर झळकली, आणि कंपनी रुष्ट झाली. तेव्हां जाहिरात त्या पानांत न दाखवितां वेगळ्या खिडकींत दाखवावी, म्हणजे त्या दोहोंचा संबंध कोणास दिसणार नाहीं, अशी तोड निघाली. आणि तेथें काम करणारे ईथन झुकरमन यांनीं तसा प्रोग्रॅम लिहिला. पुढें २०१४ सालीं त्यांनीं 'दि अटलांटिक' या मासिकांत लेख लिहून, हेतु चांगला होता असें सांगून, झाल्या गोष्टीबद्दल जगाची क्षमा मागितली.

तोंवर ही खिडकी सर्वत्र पसरली होती. संकेतस्थळें पाहण्याचीं जीं साधनें, म्हणजे ब्राउझर, त्यांच्या कर्त्यांनीं तिला अडसर घातला. २००४ सालीं विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्यें तो बसविण्यांत आला. परंतु पुढील दारास कडी लागली म्हणजे चोर मागील दार शोधतो. २०१५ सालीं क्रोम ब्राउझरांत अशी सोय आली कीं, वाचकानें एकदां संमति दिली असतां पान बंद असतांनाहि संकेतस्थळानें त्यास सूचना पाठवावी. महत्त्वाची बातमी कळावी, नवें पत्र आल्याचें समजावें, हा त्या सोयीचा उद्देश. खोटी दवंडी पिटणारांनीं तीच सोय आपल्या कामास जुंपली. ती कशी, हें पुढें येईलच.

भीतीचा व्यापार

हा सर्व खटाटोप कशासाठीं, असें विद्यार्थी विचारतील. उत्तर एका शब्दांत देतां येतें : पैशासाठीं. जाहिरात दाखविल्याबद्दल अथवा वाचकानें ती दाबल्याबद्दल अल्पशी रक्कम मिळते. एका संगणकापासून मिळणारें उत्पन्न क्षुल्लक खरें. पण असे संगणक लाखांनीं मोजूं लागलें म्हणजे त्या थेंबांचें तळें होतें. कोणी आपला प्रोग्रॅम दुसऱ्या उपयुक्त प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यांत लपवून लोकांच्या यंत्रांत घुसवितो. त्यास प्रत्येक यंत्रामागें दलाली मिळते. कोणी खोटा रोग सांगून खोटें औषध विकतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें २००८ सालीं इनोव्हेटिव्ह मार्केटिंग या कंपनीविरुद्ध फिर्याद केली, ती याच धंद्याबद्दल होती. संगणक तपासल्याचें सोंग करून, नसलेले विषाणू दाखवून, 'विनफिक्सर' व तत्सम नांवांचे प्रोग्रॅम दहा लाखांहून अधिक ग्राहकांस विकण्यांत आले, असा तो आरोप होता. २०१२ सालीं न्यायालयानें त्यांपैकीं एका प्रतिवादीस सुमारें १६ कोटि ३० लक्ष डॉलर भरण्याचा हुकूम केला.

"नुसत्या जाहिराती दिसल्या तर बिघडलें काय?" असेंहि कोणी म्हणेल. त्यास सुपरफिश या प्रोग्रॅमचा इतिहास हें उत्तर आहे. लिनोव्हो कंपनीनें २०१४ सालीं विकलेल्या कांहीं लॅपटॉप संगणकांत हा प्रोग्रॅम कारखान्यांतूनच घालून दिलेला होता. ग्राहक जें पान पाहील त्यांत आपल्या जाहिराती घालणें हें त्याचें काम. परंतु बँकेसारखीं पानें कुलूपबंद लखोट्यांतून येतात. त्यांत हात घालतां यावा म्हणून त्यानें संगणकांत स्वतःचें एक प्रमाणपत्र खरें म्हणून नोंदवून ठेविलें, आणि त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सर्व संगणकांत एकच ठेविली. २०१५ च्या फेब्रुवारींत ही गोष्ट उघडकीस आली, व ती किल्लीहि शोधून काढण्यांत आली. ज्याच्या हातीं ती पडेल त्यास त्या हजारों ग्राहकांपुढें बँकेचें सोंग घेऊन उभें राहतां आलें असतें. कंपनीस तो प्रोग्रॅम काढून टाकण्याचें साधन प्रसिद्ध करावें लागलें. सारांश, जाहिरातीसाठीं पाडलेलें भोंक जाहिरातीपुरतेंच राहत नाहीं. त्यांतून वाटेल तो आंत येतो.

पान काय जाणतें व काय जाणत नाहीं

निवारणाकडे वळण्यापूर्वीं एक तत्त्व मनांत पक्कें ठसविलें पाहिजे, कारण तें ठसलें म्हणजे अर्धी भीति तेथेंच नाहींशी होते. तें तत्त्व असें : संकेतस्थळाच्या पानास तुमच्या संगणकाची तपासणी करतां येत नाहीं. ब्राउझर प्रत्येक पानास एका बंद कोठडींत ठेवितो. त्या कोठडींतून पानास तुमच्या फाइली दिसत नाहींत, तुमचे प्रोग्रॅम दिसत नाहींत. मग विषाणू मोजणें दूरच राहिलें.

"पण त्या सूचनेंत आमच्या शहराचें नांव होतें, आमचा आयपी क्रमांकहि होता, तो त्यांस कसा कळला?" असें पुष्कळ जण विचारतात. आपण कोणतेंहि पान मागवितों तेव्हां तें कोठें पाठवावयाचें हें कळविणें भागच असतें, जसें पत्रोत्तर हवें तर आपला पत्ता द्यावा लागतो. तोच आयपी क्रमांक. त्यावरून शहराचा अदमास करतां येतो. ब्राउझर कोणता, यंत्र विंडोजवर चालतें कीं अन्य कशावर, भाषा कोणती, एवढी माहितीहि ब्राउझर प्रत्येक पानास सहज देतो. जत्रेंतील ज्योतिषी समोरच्या मनुष्याचा पेहराव व बोली पाहून त्याचा गांव सांगतो, आणि भोळा मनुष्य त्यास त्रिकालज्ञ समजतो. येथील चमत्कारहि तेवढाच. पडद्यावर शंभर टक्क्यांपर्यंत धांवत जाणारी ती हिरवी पट्टी व तिच्याखालीं सरकणारीं फाइलींचीं नांवें हें केवळ अगोदर काढून ठेविलेलें चित्र असतें.

दुसरी एक खूण विसरूं नये. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यांत दूरध्वनीचा क्रमांक कधींहि नसतो, असें त्या कंपनीनेंच जाहीर केलें आहे. म्हणून पडद्यावर इशारा आणि त्याखालीं क्रमांक असें दिसलें कीं तो इशारा खोटा, असें निःशंकपणें समजावें.

निदान

वैद्य प्रथम नाडी पाहतो व मग औषध देतो. येथेंहि उपद्रव कोणत्या जातीचा आहे हें आधीं ठरविलें पाहिजे. मुख्य जाति तीन आहेत.

पहिली जात नुसत्या पानाची. एखाद्या पानावरून वाहवत जाऊन आपण सोंगाड्या पानावर आलों. ब्राउझर बंद करतांच सर्व शांत झालें, व पुन्हां कांहीं दिसलें नाहीं. येथें बहुधा संगणकास कांहींच झालेलें नसतें.

दुसरी जात संमतीची. ब्राउझरांत एकहि पान उघडें नसतांना पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांत लहानशी चौकट वारंवार वर येते. बारकाईनें पाहिलें तर तिच्यावर ब्राउझरचें नांव व एखाद्या अनोळखी संकेतस्थळाचें नांव बारीक अक्षरांत आढळतें. याचा अर्थ, घरांतील कोणी तरी, केव्हां तरी, 'अलाउ' हें बटण दाबलें आहे. "आपण यंत्रमानव नाहीं हें सिद्ध करण्यासाठीं अलाउ दाबा", "चित्रपट पाहण्यासाठीं अलाउ दाबा", असें सांगून ही संमति काढली जाते.

तिसरी जात वस्तीस आलेल्या पाहुण्याची. प्रत्येक पानावर जाहिराती दिसतात, ब्राउझरचें पहिलें पान आपोआप बदलतें, शोध भलत्याच संकेतस्थळावर जातो, आपण न घेतलेला प्रोग्रॅम आढळतो. येथें ब्राउझरच्या जोडपट्टींत, म्हणजे एक्सटेन्शनमध्यें, अथवा संगणकांतच कांहीं तरी बसलेलें आहे. एका ब्राउझरांत उपद्रव आहे व दुसऱ्यांत नाहीं, तर दोष बहुधा पहिल्या ब्राउझरांत. दोहोंत आहे, तर तो संगणकांत. आणि घरांतील संगणक व मोबाइल या सर्वांतच आहे, तर इंटरनेट वांटणारा जो राउटर, त्याच्या ठिकाणीं संशय घ्यावा.

निवारण : पहिली जात

पडदा व्यापून बसलेल्या पानावर कोठेंहि बोट किंवा माउस लावूं नये. त्यावरील 'बंद करा' हें बटणहि सोंगाचाच एक भाग असूं शकतें. प्रथम एस्केप कळ कांहीं क्षण दाबून धरावी, अथवा एफ ११ कळ दाबावी. पूर्ण पडद्याचें सोंग उतरून वरची पट्टी दिसूं लागेल. मग तें पान नेहमींप्रमाणें बंद करावें. न जमल्यास ऑल्ट व एफ ४ या कळा एकदम दाबाव्या. तरीहि न हटल्यास कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. टास्क मॅनेजर उघडेल. त्यांत ब्राउझरच्या नांवावर जाऊन 'एंड टास्क' दाबावें. अगदींच निरुपाय झाला तर संगणकाचें चालू-बंद करण्याचें बटण तो बंद होईपर्यंत दाबून धरावें. जतन न केलेलें काम तेवढें जाईल.

ब्राउझर पुन्हां उघडल्यावर "मागील पानें परत आणूं काय?" असा प्रश्न येतो. त्यास होकार देऊं नये, नाहीं तर घालविलेला सोंगाड्या पुन्हां दारांत उभा राहतो. ब्राउझर न विचारतांच मागील पानें उघडत असेल, तर आधीं इंटरनेट तोडावें, मग ब्राउझर उघडून तें पान बंद करावें व नंतर इंटरनेट जोडावें.

निवारण : दुसरी जात

दिलेली संमति परत घेणें हाच येथील उपाय. क्रोममध्यें उजव्या कोपऱ्यांतील तीन ठिपके दाबून सेटिंग्ज उघडावें. तेथून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यांत 'साइट सेटिंग्ज' व त्यांत 'नोटिफिकेशन्स' येथें जावें. सूचना पाठविण्याची मुभा असलेल्या संकेतस्थळांची यादी तेथें दिसते. ओळखीचीं नसतील तीं सर्व नांवें काढून टाकावीं. त्याच ठिकाणीं, कोणासहि अशी संमति मागूं देऊं नये, अशीहि योजना करतां येते. लहान मुलें वापरतात त्या संगणकावर ती अवश्य करावी. फायरफॉक्स, एज इत्यादि इतर ब्राउझरांत हीच यादी परमिशन्स या सदराखालीं सांपडते. मोबाइलवरील क्रोममध्येंहि वाट जवळजवळ हीच आहे.

निवारण : तिसरी जात

येथें क्रम महत्त्वाचा आहे. पुष्कळ लोक आधीं ब्राउझर स्वच्छ करतात आणि दुसऱ्या दिवशीं जाहिराती परत आल्या म्हणून निराश होतात. संगणकांत बसलेला प्रोग्रॅम ब्राउझरांतील बदल पुन्हां करूं शकतो; मूळ न उपटतां फांदी छाटली तर तिला पुन्हां पालवी फुटणारच. म्हणून पुढील क्रमानें जावें.

(१) बाहेर काढावयाचे प्रोग्रॅम. विंडोज ११ मध्यें सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स असें जाऊन यादी तारखेच्या क्रमानें लावावी. उपद्रव ज्या सुमारास सुरू झाला त्या सुमारास आलेले अनोळखी प्रोग्रॅम शोधावे व ते अनइन्स्टॉल करावे. यंत्र बनविणाऱ्या कंपनीच्या व चिप बनविणाऱ्या कंपनीच्या नांवाचे प्रोग्रॅम बहुधा यंत्रास आवश्यक असतात. त्यांस हात लावूं नये. संशय असेल तेथें नांव टिपून घेऊन जाणत्यास विचारावें.

(२) जोडपट्ट्या. ब्राउझरच्या 'मॅनेज एक्सटेन्शन्स' या पानावर जाऊन सर्व जोडपट्ट्या बंद कराव्या. उपद्रव थांबला, तर त्या एक-एक करून सुरू कराव्या व प्रत्येक वेळीं परीक्षा घ्यावी. जिच्यासरशीं जाहिराती परततील ती अपराधी. शास्त्राच्या तासास आपण शिकतों कीं एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, म्हणजे परिणामाचें कारण निश्चित होतें. तो नियम येथें प्रत्यक्ष उपयोगास येतो.

(३) तपासणी. विंडोजबरोबरच येणाऱ्या 'विंडोज सिक्युरिटी'मध्यें 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन' उघडून 'स्कॅन ऑप्शन्स'मधून पूर्ण तपासणी करावी. तिनें भागलें नाहीं, तर त्याच यादींतील ऑफलाइन तपासणी निवडावी. ती संगणक पुन्हां सुरू करून, विंडोज पुरतें जागें होण्यापूर्वींच तपास करिते, त्यामुळें लपलेल्यास पळावयास वाव राहत नाहीं. तेथेंच 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल' या सदरांत, नको असलेल्या प्रोग्रॅमांस अडविण्याची एक योजना आहे. ती चालू आहे ना, हेंहि पाहावें.

(४) जादा साधन. ॲडक्लीनर नांवाचा एक लहानसा विनामूल्य प्रोग्रॅम खास जाहिरातखोर प्रोग्रॅमांसाठींच केलेला आहे. तो २०१६ पासून मालवेअरबाइट्स या कंपनीकडे आहे. तो तिच्याच संकेतस्थळावरून घ्यावा. नुसतें नांव टाकून शोध केला असतां वर येणारीं जाहिरातवजा पानें उघडूं नयेत. औषधाच्या शोधांत निघालेल्यास विष विकणारे याच वाटेवर बसलेले असतात. क्रोममध्यें पूर्वीं स्वतःचें असें सफाईचें साधन होतें. तें २०२३ सालीं काढून टाकण्यांत आलें, म्हणून जुन्या लेखांत त्याचा उल्लेख आढळल्यास तें शोधण्यांत वेळ दवडूं नये.

(५) ब्राउझर मूळ स्थितीस आणणें. सर्वांत शेवटीं सेटिंग्जमधील 'रिसेट सेटिंग्ज' वापरावें. पहिलें पान, शोधाचें साधन व जोडपट्ट्या मूळपदावर येतात. जतन केलेल्या खुणा व परवलीचे शब्द मात्र कायम राहतात.

राउटरवर संशय असेल, तर तो कारखान्यांतील मूळ स्थितीस आणून, त्याचा मूळचा परवलीचा शब्द बदलावा. इंटरनेट पुरविणाऱ्याचा मनुष्य बोलावून त्याच्या देखत हें करणें बरें, कारण जोडणीची माहिती पुन्हां भरावी लागते.

एक नवें कपट

२०२४ पासून एक निराळेंच कपट फार दिसूं लागलें आहे. "आपण मनुष्य आहां हें सिद्ध करा" असें सांगून पान तीन कृति करावयास लावतें : विंडोज व आर या कळा एकदम दाबा, नंतर कंट्रोल व व्ही दाबा, नंतर एंटर दाबा. यांत मुलास कांहींच वावगें वाटत नाहीं. वस्तुतः पहिल्या कृतीनें संगणकास हुकूम देण्याची पेटी उघडते, दुसरीनें पानानें गुपचूप ठेविलेला हुकूम तींत पडतो, आणि तिसरीनें तो अंमलांत येतो. वर आम्हीं म्हटलें कीं पान कोठडींत बंद असतें. या कपटांत कोठडीचें दार तें स्वतः उघडीत नाहीं, आपल्याच हातून उघडवून घेतें. म्हणून कोणत्याहि पानाच्या सांगण्यावरून कळांची अशी जुळणी कधींहि करूं नये. ती झालीच असेल, तर इंटरनेट तोडून तिसऱ्या जातीप्रमाणें पूर्ण तपासणी करावी, आणि परवलीचे शब्द दुसऱ्या निर्दोष यंत्रावरून बदलावे.

पैसे गेले असतां

कोणी त्या क्रमांकावर दूरध्वनि केलाच, व पलीकडील मनुष्यास दुरून संगणक हाताळूं दिला, तर लाजेनें स्वस्थ बसूं नये. प्रथम इंटरनेट तोडावें. दुरून हाताळणीसाठीं घालविलेला प्रोग्रॅम काढून टाकावा व पूर्ण तपासणी करावी. बँकेस ताबडतोब कळवावें. आपल्या देशांत अशा फसवणुकीची वर्दी १९३० या क्रमांकावर व राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर देतां येते. रक्कम एका खात्यांतून दुसऱ्या खात्यांत झपाट्यानें हलविली जाते. म्हणून वर्दी जितकी लवकर, तितकी ती अडविण्याची आशा अधिक. पुरावा म्हणून त्या सूचनेचें चित्र, क्रमांक व व्यवहाराचा तपशील जपून ठेवावा. संगणकाच्या साह्यानें दुसऱ्याचें सोंग घेऊन फसविणें हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ ड प्रमाणें तीन वर्षांपर्यंत कैदेस व एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असा गुन्हा आहे.

पालकांस दोन शब्द

नववीच्या वर्गांतील एक मुलगा मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका शोधीत होता. 'डाउनलोड' अशा पाट्या एका पानावर चार होत्या. त्यांतील खरी एकच. त्यानें भलतीच दाबली, मग 'अलाउ' दाबलें, आणि त्या रात्रीपासून संगणकाच्या कोपऱ्यांत लाजिरवाणीं चित्रें येऊं लागलीं. मुलानें भीतीनें कोणास सांगितलें नाहीं. कांहीं दिवसांनीं तीं वडिलांच्या दृष्टीस पडलीं, आणि मुलगा काय पाहत असतो याविषयीं त्यांनीं मनाशीं निर्णय करून टाकला. घरांत बोलणें बंद झालें. मुलाचें अभ्यासावरचें लक्ष उडालेलें पाहून आम्हीं चौकशी केली, तेव्हां रडत रडत त्यानें सर्व सांगितलें. वडिलांच्या संमतीनें त्यांच्या घरीं जाऊन नोटिफिकेशन्सची ती यादी आम्हीं उघडली. तींत एकच अनोळखी नांव होतें. तें काढण्यास अर्धें मिनिट लागलें. ब्राउझरांतील पाहिलेल्या पानांची नोंद चाळतां त्या नांवाच्या अगोदरचें पान प्रश्नपत्रिकांचें होतें, हें वडिलांनीं स्वतः वाचलें, व कांहीं वेळ ते कांहीं बोलले नाहींत.

आमची पालकांस विनंति एवढीच कीं, पडद्यावर जें दिसतें तें मुलानें मागविलेलेंच असतें असें गृहीत धरूं नये. आधीं ती जात ओळखावी, मग मुलास विचारावें. ज्या घरांत मूल "माझ्या हातून कांहीं तरी दाबलें गेलें" असें न भितां सांगूं शकतें, त्या घरांतून खोट्या दवंडीवाल्यास रिकाम्या हातीं जावें लागतें. कारण त्याचें सारें भांडवल गुप्ततेचें व घाईचें असतें. मुलांसाठीं संगणकावर मर्यादित अधिकाराचें वेगळें खातें काढावें, म्हणजे नवा प्रोग्रॅम घालतांना बहुधा वडील माणसांच्या परवलीच्या शब्दावांचून काम अडतें. विंडोज व ब्राउझर अद्ययावत ठेवावे. विंडोज १० ची सामान्य दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली आहे, हें ज्यांचे संगणक जुने आहेत त्यांनीं ध्यानांत घ्यावें.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस

शेवटीं एक गोष्ट लवकरच शाळा सोडून जाणाऱ्या विद्यार्थ्यांस सांगावयाची आहे. पडद्यावरील त्या क्रमांकावर दूरध्वनि केला असतां उत्तर देणारा मनुष्य पुष्कळदां आपल्याच देशांतील, तुमच्याहून चार-पांच वर्षांनीं मोठा तरुण असतो. नोव्हेंबर २०१८ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून गुरुग्राम व नोएडा येथील अशा १६ केंद्रांवर पोलिसांनीं छापे घातले. त्यापूर्वीं, ऑक्टोबर २०१६ मध्यें, आपल्या ठाणें जिल्ह्यांत मीरा रोड येथें जीं केंद्रें पकडलीं गेलीं, त्यांतून संगणकाच्या विषाणूची नव्हे तर अमेरिकेच्या करखात्याची भीति घातली जात होती; पण धंदा तोच, भीति विकण्याचा. तेथें शेंकडों तरुण-तरुणी पोलिसांच्या ताब्यांत आल्या. इंग्रजी बरें बोलतां येतें, वाणी मृदु आहे, रात्रपाळी करण्याची तयारी आहे, एवढ्या गुणांवर त्यांस नोकरी मिळाली होती.

हे गुण आम्हीच तुम्हांस शाळेंत शिकवितों. म्हणून उद्यां कोणी चांगला पगार देऊं केला, तर पहिल्याच दिवशीं एक प्रश्न विचारा : मी ज्याच्याशीं बोलणार, त्यास मी खरें सांगणार आहें कीं खोटें? पलीकडे कोणाची तरी म्हातारी आई घाबरून हातांत कार्ड घेऊन बसलेली असते. खोट्या सूचनेचें चित्र काढणारा दूर कोठें तरी असतो. तिला प्रत्यक्ष फसविणारा आवाज मात्र तुमचा असूं शकतो. तो तुमचा नसावा.

घरीं करून पाहावयाचे पाठ

१. घरांतील प्रत्येक ब्राउझरमधील नोटिफिकेशन्सची यादी पाहा. किती नांवें ओळखीचीं आहेत व किती नाहींत, तें वहींत लिहा. अनोळखी नांवें वडील माणसांस दाखवून काढून टाका.

२. पानास आपल्या शहराचें नांव कसें कळतें, तें आजी-आजोबांस समजेल अशा भाषेंत दहा ओळींत लिहा.

३. 'आधीं प्रोग्रॅम, मग ब्राउझर' हा क्रम उलटा केल्यास काय होईल व कां, तें सकारण सांगा.

४. कंट्रोल, शिफ्ट व एस्केप यांनीं टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करण्याचा सराव, कांहींहि संकट नसतांनाच, एकदां करून ठेवा.

५. १९३० हा क्रमांक घरांतील सर्वांस दिसेल अशा ठिकाणीं मोठ्या अक्षरांत लिहून लावा.